मी चार, तू तीन

आमच्या घरात रॅली या शब्दाला एकच अर्थ होता. झेंडे, भोंगा, उन्हात पायी चालणं आणि शेवटी कुणाच्या तरी बंद दारासमोर वाचायचं निवेदन. त्यामुळे ताईने जेव्हा जेवताना सांगितलं की ती पुढच्या महिन्यात रॅलीला जाऊन राहिली आहे, तेव्हा बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "कोणाची?"

"कोणाची नाही. गाड्यांची."

"ड्रायव्हर लोकांची? अच्छा. मागण्या काय आहेत?"

आई हसली. ताईने मात्र घास हातात धरून सगळं नीट सांगितलं. कच्चा रस्ता बंद करतात, एकेक गाडी सोडतात, सगळ्यात कमी वेळात जी गाडी पोचेल ती जिंकते. बाबांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे सगळे वेगवेगळे निघतात आणि एकटे पोचतात. मग तिला रॅली काहून म्हणतात?"

"एकटे नाही," ताई म्हणाली. "गाडीत दोघं असतात. एक चालवणारा आणि एक रस्ता वाचून दाखवणारा."

तो दुसरा कोण असेल हे मी तिथेच, ताटावर बसल्या बसल्या, ठरवून टाकलं. मला कोणी विचारलं नव्हतं. पण विचारायची गरज असते का? रस्ता वाचून दाखवायचं काम माझंच होतं. लहानपणापासून.

बाबा फौजेचे ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. पत्रक आधी घरी मराठीत कच्चं लिहायचं, मग हिंदीत पक्कं करायचं, अशी त्यांची रीत. आम्ही दोघी बहिणी त्या कागदांवर वाढलो. माझ्या भूगोलाच्या पुस्तकाला 'ठेका प्रथा बंद करो' असं कव्हर होतं. मी लिहायला शिकले ती बाबांच्या चुका शोधत, आणि त्यांनी मला एकच नियम पुन्हापुन्हा सांगितला: पत्रकात 'मी' आला की त्याचं रडगाणं होतं. 'आम्ही' म्हणायचं. घराबाहेर, मराठी सोडून हिंदीत बोलताना, तर प्रश्नच नव्हता. जबलपूरच्या हिंदीत माणूस एकटा उभा असला तरी स्वतःला 'हम' म्हणतो.

पत्रकं वाटायला आम्ही दोघी मोपेडवर जायचो. ताई चालवायची, मी मागे गठ्ठा मांडीत घेऊन बसायचे. गढा भागातल्या गल्ल्यांमधली घरं तिच्या कधी लक्षात राहिली नाहीत. तिला फक्त चाक कळायचं. घर, वळण, कुत्रं, नाली हे सगळं माझ्याकडे. "डावं. गाय. सरळ. उजवं, उतार, हळू." मी म्हणायचे आणि ती वळायची. मागे पाहायची नाही, विचारायची नाही. माझ्या शब्दावर कोणी इतका भरवसा ठेवलेला मी नंतर कुठे पाहिला नाही, आणि मी भाषणं पुष्कळ केली आहेत.

कारखान्यात नवे ट्रक चालवून पाहणाऱ्या बाबांच्या एका मित्राने ताईला जीप शिकवली. ती बरगीच्या बाजूला कच्च्या रस्त्यांवर जाऊ लागली, तिथून स्पर्धांकडे. पहिल्या रॅलीच्या वेळी मी कॉलेजात होते आणि फीवाढीविरुद्ध उपोषणाला बसले होते. ताई मंडपात आली. सतरंजीच्या कडेला उकिडवी बसली.

"शनिवारी येतेस का?"

"उपोषण सोडून?"

तिने आजूबाजूला पाहिलं, माझ्या सुकलेल्या तोंडाकडे पाहिलं. "चलो, ठीक आहे," म्हणाली आणि उठली. मला वाटलं ती थांबेल. शनिवार पुढे ढकलता येत नाही, हे मला कळत होतं, तरी वाटलं. फीवाढ अर्धी मागे घेतली गेली. ताई रॅलीत तिसरी आली. आणि तिच्या डाव्या बाजूच्या सीटवर सदरमधली, म्हणजे छावणीच्या भागातली, एक मुलगी बसली होती.

तिला मी सदरवालीच म्हणते, तोंडावरसुद्धा. फौजी अधिकाऱ्याची मुलगी, उंच, मोठ्याने हसणारी, कोणाच्याही घरात शिरून फ्रीज उघडणारी. मराठीचं अक्षर येत नव्हतं. पण ताईला रस्त्याच्या वळणांच्या नोट्स मराठीतच हव्या होत्या. इंजिनाच्या आवाजात दायाँ आणि बायाँ सारखेच ऐकू येतात, आणि इंग्रजी ऐकलं की आधी शाळा आठवते, मग रस्ता, असं तिचं म्हणणं. म्हणून तिने सदरवालीला शब्द शिकवले. डावं, उजवं, लांब, उतार, दगड. माझे शब्द. मोपेडच्या मागच्या सीटवरचे. सदरवाली ते आमच्या अंगणात बसून घोकायची, 'डावं'चं 'डावाँ' करत, आणि आई तिला कौतुकाने सुधारायची. पुढे ती आईला आई म्हणू लागली.

दुसऱ्या वर्षी पाटणच्या बाजूला सराव करताना गाडी मटारच्या शेतात गेली. दोघी सकाळपासून हिंदीत बोलत होत्या, ताईचे कान हिंदीतच होते. सदरवाली ओरडली "डावं", ताईला ऐकू आलं "दायाँ", आणि तिने गाडी उजवीकडे घातली. लागलं कोणालाच नाही. शेतवाल्या बाईने आधी शिव्या घातल्या, मग म्हणाली, इतकं तुडवलंच आहे तर उरलेलं तोडायला तरी हात लावा. दोघी संध्याकाळपर्यंत शेंगा तोडत बसल्या आणि पिशवीभर मटार घेऊन घरी आल्या. आईने उसळ केली. बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "सिर्फ हमारे यहाँ हो सकता है," म्हणत राहिले, "मराठीचा डावा, हिंदीचा दायाँ!" मी जेवले नाही. मला भूक नाही असं सांगितलं. खरं म्हणजे मला वाटत होतं की ही चूक माझ्याकडून व्हायला हवी होती. ती फजिती, ते शेत, त्या शिव्या, सगळं माझं होतं आणि कोणीतरी दुसरीच ते खाऊन बसली होती.

त्यानंतर ताई जिंकत गेली. एका टायर कंपनीने तिला आपल्या संघात पगारी ड्रायव्हर म्हणून घेतलं. फोटो आले, मुलाखती आल्या. मुलाखतीत ती सदरवालीचं नाव आधी घ्यायची. एक दिवस बाबा फोनवर गाडीच्या आतला व्हिडिओ पाहत होते, आवाज पूर्ण सोडून. त्यातून सदरवालीचा आवाज येत होता, एका सुरात, श्वास न घेता:

"मी चार. तू तीन लांब. मी सहा. तू दोन, आत दगड. मी पाच."

"हे काय आहे?" मी विचारलं.

"अगं, त्या मटारानंतर यांनी डावं-उजवं सोडूनच दिलं," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "नेव्हिगेटर बसते डाव्या बाजूला, तर डावं वळण म्हणजे 'मी'. ड्रायव्हर उजव्या बाजूला, तर उजवं म्हणजे 'तू'. पुढे आकडा. एक म्हणजे अगदी घट्ट वळण, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. एकेक अक्षर! गडबड व्हायची सोयच नाही. किती किफायती काम आहे, पाहा."

"आणि 'मी' म्हणजे ती."

"ती बोलते तर तीच ना. काहून?"

या शहरात घराच्या उंबऱ्याबाहेर मला 'मी' म्हणायला जागा नाही. ज्यांच्याशी म्हणू शकते अशी माणसं बोटांवर मोजण्याएवढी, आणि त्यातली एक ताई. आता ताईच्या कानात दिवसभर कोणी 'मी' आणि 'तू' म्हणत असेल तर ती सदरच्या बंगल्यातली मुलगी होती, जिला घरी जाऊन मराठीत साधं पाणीसुद्धा मागता येत नव्हतं.

त्याच महिन्यात मी रॅलीविरुद्ध पत्रक काढलं. 'सड़क किसकी?' असं शीर्षक होतं. तोडणीच्या दिवसांत गावाचा एकमेव रस्ता बंद करायचा हक्क टायर विकणाऱ्यांना कोणी दिला, दवाखान्याला निघालेल्या बाईने वेगवान गाड्या संपेपर्यंत थांबायचं का, जाळलेल्या पेट्रोलला शर्यत म्हणायचं की माज. त्यातल्या एकाही वाक्याची मला आजही लाज नाही. सगळी खरी आहेत. बाबांनी प्रूफ तपासलं, दोन वेलांट्या सुधारल्या आणि कागद परत दिला.

"तर्क ठीक आहे. पण कुठे तरी जळून राहिलं आहे. वास येतो."

"पेट्रोलचा असेल."

"असेल."

कांचघर भागात ताईच्या गाडीचं गॅरेज आहे. मी मुद्दाम तिथे जाऊन पत्रकं वाटली. सदरवालीने एक घेतलं, उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, आणि म्हणाली, "बात तो सही है यार. गाँव वालों से पहले पूछना चाहिए." पुढच्या स्पर्धेआधी तिनेच आयोजकांशी भांडून रस्ता बंद होण्याच्या वेळा गावात आधी कळवायला लावल्या. माझं पत्रक दाखवून. माणसाचा राग करायचा तर त्याने थोडी मदत करायला नको? तिने तेवढंही केलं नाही.

मग यंदा, हंगामातल्या मोठ्या रॅलीच्या तोंडावर, सदरवालीने मनगट मोडलं. एवढ्या वेगातल्या गाडीत वर्षानुवर्षं बसणारी बाई सदर बाजारात ऑटोतून उतरताना पडली. ताई माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"बसतेस का?"

"मी?"

"दुसरं कोण? नोट्स मराठीत आहेत. अख्ख्या जबलपुरात कोण वाचणार?"

"म्हणजे मराठी येते म्हणून."

"नाही तर काय, तुला पेट्रोल आवडतं म्हणून?"

मी भाषण सुरू केलं. टायर कंपनी, गावचा रस्ता, माझी प्रतिमा. ताई दाराला टेकून शांतपणे ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मला रविवारी कंपनीला नाव कळवायचं आहे. या रॅलीवर पुढचा करार आहे माझा. तू हो म्हणायच्या आधी अजून किती बोलशील, ते सांग. मी चहा पिऊन येते."

"लायसन्स आहे माझ्याकडे," मी म्हणाले.

"कशाचं?"

"नेव्हिगेटरचं. तुझ्या पहिल्या रॅलीच्या वेळी काढलं होतं. दरवर्षी नवं करते."

ताई माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही. मग ती म्हणाली, "उद्या सकाळी खदानीत. चांगले बूट घाल."

"पण मी डावं-उजवं म्हणेन. मी-तू नाही म्हणणार."

"माझे कान आता तसे राहिले नाहीत गं."

"हिंदीसारखा ऐकू येतो म्हणून आपला शब्द टाकून द्यायचा? उद्या सगळेच टाकून देशील."

"वळणावर भाषा वाचवू नको," ताई म्हणाली. "मला वाचव."

बरेल्याच्या पुढे एक बंद पडलेली गिट्टीची खदान आहे. तिच्याभोवती कच्चा रस्ता फिरतो, वळणावळणांचा, मालक ताईच्या ओळखीचा. आधी आम्ही हळू फिरलो. ताई बोलत गेली, मी लिहीत गेले. मी चार, तू तीन लांब, मी सहा. पेन हातात असताना काही कठीण वाटलं नाही. मग हेल्मेट घातलं, माइक तोंडासमोर आला, पट्टे आवळले. डाव्या सीटवर, पायांशी, सदरवालीच्या बुटांनी घासलेली जागा होती. माझे पाय तिथे बरोबर पोचले नाहीत.

पहिल्या फेरीत मी चांगलं वाचलं. नोट वळणाच्या आधी पोचली पाहिजे, वळणावर नाही; गाडी एका वळणात असताना तोंडात पुढचं वळण असावं लागतं. मोपेडवर मी तेच करायचे. दुसऱ्या फेरीत ताईने वेग वाढवला. खडे तळाला बंदुकीसारखे वाजत होते. खदानीच्या कड्याकडून येणारं वळण आलं, कागदावर 'मी तीन' लिहिलं होतं, आणि माझ्या तोंडून निघालं,

"आम्ही तीन!"

एवढ्या वर्षांची सवय. एक अक्षर जास्त, आणि तेही पुढे. ताईला 'मी' ऐकू येईपर्यंत वळण येऊन गेलं होतं. गाडी मागून फिरली, गिट्टीच्या ढिगाला घासली, थांबली. धूळ आत आली. मग माझ्या कानात ताईचा आवाज आला, अगदी सरळ:

"गाडीत दोघीच आहोत. तिसरी कोण?"

मला हसू आलं नाही. ती मात्र हसत सुटली, हेल्मेट स्टिअरिंगवर टेकवून. "आम्ही तीन! अगं बाई, वळण आहे, शिष्टमंडळ नाही."

"पुन्हा घे," मी म्हणाले.

तिने पुन्हा घेतलं. पुढच्या फेऱ्यांमध्ये माझं एक अक्षर चुकलं नाही. मी चार. तू तीन लांब. मी तीन. 'मी' म्हणताना सुरुवातीला 'आम्ही' मुद्दाम गिळावं लागायचं, नंतर ते गेलं. नंतर चांगलं वाटू लागलं. शेवटच्या फेऱ्यांत तर मला कागद लागत नव्हता, सगळा रस्ता पाठ झाला होता. मी म्हणत होते आणि ती वळत होती, मागे न पाहता, न विचारता. मला वाटलं, झालं. सीट माझी.

कांचघरला परत आलो. गॅरेजसमोरच्या दुकानातून ताईने खोव्याची जिलेबी आणली आणि बॉनेटवर कागद पसरला. तिने जिलेबी खाल्ली नाही, बोटांनी तोडत राहिली. तेव्हा मला कळायला हवं होतं.

"मी कंपनीला दक्षिणेकडच्या एका माणसाचं नाव देते आहे," ती म्हणाली. "इंग्रजीत वाचतो. जुना आहे. जमवून घेईन."

"माझे शब्द बरोबर होते."

"एकूण एक."

"वेळेवर होते."

"हो."

"मग त्या एका 'आम्ही'साठी?"

"नाही गं. ती चूक कोणाचीही होते. मटार आठवतो ना?" तिने बोटं पुसली. "तू कागदाकडे पाहत नव्हतीस. सगळा वेळ माझ्याकडे पाहून राहिली होतीस."

"रस्ता पाठ झाला होता मला."

"रॅलीत रस्ता पाठ नसतो. तिथे तू मान वर केलीस की आपण दोघी गेलो. ती कधी मान वर करत नाही. घाबरते ना, म्हणून. तू घाबरत नाहीस."

"हा दोष आहे?"

"त्या सीटवर, हो."

मी खूप काही बोलले. घराणेशाही नको म्हणून मला नाकारतेस का, असंही काहीतरी बोलले. मला राग आला की मी अर्थ नसलेल्या मोठ्या शब्दांपर्यंत लवकर पोचते. ताईने ऑटो थांबवला आणि मला आधी बसवलं.

रॅलीत ती सहावी आली. करार एका वर्षाने वाढला. सदरवालीचं प्लास्टर निघालं आणि ती आपल्या जागेवर परत गेली. मी लायसन्स नवं केलं. काहून, ते विचारू नये.

मी जे पाहत होते ते अजून कोणाला सांगितलेलं नाही. ताई खरं बोलली, मी तिच्याकडेच पाहत होते. मला शोधायचं होतं की हिच्यात असं काय आहे जे माझ्यात नाही. हेल्मेटमधून दिसायचं तेवढं दिसत होतं: एक डोळा, नाक, ओठांचा कोपरा. खदानीच्या वळणावर गाडी आडवी सरकत असताना तो चेहरा अगदी रिकामा होता. मी जोर शोधत होते, जिद्द शोधत होते, निदान भीती. त्यातलं काही नव्हतं. आमच्या घरात झोपेतसुद्धा माणसं कोणाशी तरी वाद घालत असल्यासारखी दिसतात. हा चेहरा कोणाशीच भांडत नव्हता. तांदूळ निवडणाऱ्या बाईसारखी ती फक्त पुढचा खडा पाहत होती. मला आधी कधी वाटला नव्हता एवढा हेवा त्या क्षणी वाटला. ती जिंकते म्हणून नाही. तिला तिथे जाता येतं म्हणून.

गेल्या आठवड्यात सदरवाली जेवायला आली होती. ताई हात धुवायला आत गेली तेव्हा ती माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "एक बात बताओ. दीदी चलाते हुए दिखती कैसी हैं? इतने साल हो गए, मैंने तो कभी देखा ही नहीं. मेरी गर्दन तो काग़ज़ में ही रहती है."

ती खरंच विचारत होती. डोळ्यांत कसलाही डाव नव्हता. व्हिडिओतही फक्त रस्ताच दिसतो, असंही म्हणाली.

"जैसी घर में दिखती हैं," मी म्हणाले. "वैसी ही." आणि भाताचं पातेलं तिच्याकडे सरकवलं.